नवं घर मिळालं आणि लिहिणं थांबलं

वाचकाचं पत्र (थोडक्यात):

स. न. वि. वि. लग्न होऊन वरळीच्या बीडीडी चाळीत आले तेव्हा मी बावीस वर्षांची होते. आता बावन्न. १६० चौरस फुटांच्या एका खोलीत सासू-सासरे, दीर, आम्ही दोघं आणि पुढे मुलगा. रात्री सगळे झोपले की मोरीच्या कट्ट्याला टेकून मी गोष्टी लिहायचे. काही दिवाळी अंकांत छापूनही आल्या. पुनर्विकासात आमची चाळ पाडली. नवी इमारत होईपर्यंत ट्रान्झिटच्या, म्हणजे तात्पुरत्या घरात काही वर्षं काढली, तिथेही लिहीत होते. आता नव्या टॉवरमध्ये तेविसाव्या मजल्यावर ५०० चौरस फुटांचं घर मिळालं आहे. मुलाने खिडकीशी मला टेबल करून दिलं. आयुष्यातलं माझं पहिलं टेबल, आणि त्यावर बसून मला एक ओळ सुचत नाही. जुनं सामान भंगारात गेलं, माझ्या वह्यांची पत्र्याची ट्रंकसुद्धा. सासूबाई दिवसभर दार उघडं टाकून लिफ्टकडे बघत बसतात. मला मधूनच रडू येतं. वरळीत फुकटात घर मिळालं आणि ही रडते, असं लोक म्हणतील म्हणून कोणाला सांगत नाही. माझं काही चुकतंय का? लिहिणं परत येईल का? एका अंकाला ऑगस्टअखेर कथा कबूल केली आहे. सोबत जुनी एक कथा वाचायला पाठवते.

उत्तर:

ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण खरा घोर त्याचाच दिसतो. लिहिणं परत येईल. पण आत्ता त्या टेबलाशी बसून, कबूल केलेल्या कथेची वाट बघत ते येईल असं मला वाटत नाही. त्याआधी तुम्हाला एक दुसरं लिखाण करावं लागेल, जे कोणत्याही संपादकाने मागितलेलं नाही.

तुमच्या पत्रात एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात: ट्रान्झिटमध्ये लिहीत होते. मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. त्या घरात तुमचं काहीच नव्हतं, तरी हात चालत होता. इथे सगळं तुमचं आहे आणि हात थांबला. असं का झालं असेल? ट्रान्झिटमध्ये असताना तुमचं घर सुटलेलं नव्हतं. अर्धं सामान बांधलेलंच राहिलं असेल, आणि ‘घरी गेल्यावर बघू’ हे घरातल्या प्रत्येकाच्या तोंडी असेल. मग चाव्या मिळाल्या, तुम्ही वरळीला परत आलात, आणि ज्या घरी यायचं होतं ते घर तिथे नव्हतं. चाळ पाडली तेव्हा जे दुःख व्हायला हवं होतं, ते करारनामे, सोडत, भाड्याचे चेक आणि सामानाच्या टेम्पोत राहून गेलं. ते आता आलं आहे. तुम्हाला उशिरा रडू येतंय यात विचित्र काही नाही. आत्तापर्यंत रडायला सवड नव्हती.

चुकतंय का, असं विचारलंत. अमेरिकेत बोस्टन शहरात वेस्ट एंड नावाची जुनी कामगार वस्ती होती, मुख्यतः इटालियन लोकांची. १९५०च्या दशकाच्या शेवटी ती ‘गलिच्छ वस्ती’ ठरवून जमीनदोस्त केली गेली. मार्क फ्रीड या मानसशास्त्रज्ञाने तिथून उठवलेल्या माणसांचा अभ्यास करून १९६३ मध्ये तो प्रसिद्ध केला. घर सुटून दोन वर्षं झाल्यावरही साधारण दर चार बायकांमागे एक बाई उदास होती. माणूस गेल्यावर होतो तसा हा शोक आहे, असं त्याने स्पष्ट लिहिलं. त्या लोकांना आपल्या जागी परत येता आलं नाही, तुम्हाला आलं. हा फरक मोठा आहे, तो मी लहान करत नाही. पण रडण्याचं कारण तेच आहे. हवंहवंसं घर मिळणं आणि आपलं घर जाणं या दोन्ही गोष्टी तुमच्या बाबतीत एकाच दिवशी झाल्या. पेढे एकीचे वाटले गेले, दुसरीला कोणी भेटायला आलं नाही.

आणि ‘फुकटात’ हा शब्द तुम्ही काढून टाका. तीन पिढ्या त्या खोलीत राहिल्या, भाडी भरली, पुनर्विकासाच्या बैठकांना वर्षानुवर्षं बसल्या. फुकट काही मिळालेलं नाही.

आता लिखाणाबद्दल. तुम्ही पाठवलेली कथा मी दोनदा वाचली. शेजारच्या खोलीतून सकाळी डबा भरल्याचा आवाज येत नाही, झाकण दाबल्याचा ठक् ऐकू येत नाही, आणि त्यावरून तुमच्या नायिकेला कळतं की शेजाऱ्याची नोकरी गेली. शेजारीण काही बोलत नाही, ही काही विचारत नाही. संध्याकाळी ही फक्त भाजी जास्त करते. फार चांगली कथा आहे ही, ताई. पण त्यात तुमचं एक गुपित आहे, ते कदाचित तुम्हालाही माहीत नसेल. या कथेत कोणी कोणाला धड बघत नाही. जे कळतं ते ऐकून कळतं. तुम्ही कानांनी लिहिणाऱ्या लेखिका आहात. बीडीडीच्या एका मजल्यावर वीस खोल्या, मधल्या पॅसेजच्या दोन्ही अंगांना समोरासमोर दारं, दिवसभर उघडी. कुकरच्या शिट्ट्या, मालिकांची शीर्षकगीतं, कोणाचा खोकला, कोणाच्या पोराचे पाढे, रात्री उशिरा पिऊन आलेल्याची पावलं. इतकी वर्षं या सगळ्यातून तुम्हाला गोष्टी मिळत होत्या. त्या आवाजात तुम्ही कशा लिहू शकलात याचं लोकांना नवल वाटलं असेल. खरं तर त्या आवाजामुळेच लिहीत होतात. आता तेविसाव्या मजल्यावर जाड दार बंद केलं की आत पंख्याचा आवाज उरतो. टेबल निर्दोष आहे, तुम्हीही निर्दोष आहात. कानावर काही पडत नाही, एवढंच झालंय.

म्हणून आधी हे करा. एक मोठा कागद घ्या, जुन्या कॅलेंडरची मागची बाजू चालेल. त्यावर तुमच्या खोलीचा नकाशा काढा. दार, खिडकी, मोरी, पिंप, मांडणी, देवांची फळी, पोटमाळा, त्याची शिडी. ट्रंक कुठे असायची तेही. मग त्याच नकाशावर दुसऱ्या शाईने रात्र काढा. कोण कुठे झोपायचं, कोणाचे पाय कोणाच्या उशाशी यायचे, दिराचं लग्न झाल्यावर कोण पॅसेजमध्ये झोपायला गेलं, बाळंतपणात तुमची खाट कुठे लावली. तिसऱ्या शाईने आवाज काढा, कोणत्या भिंतीतून काय यायचं.

नकाशा झाला की एकेका जागेवर एकेक परिच्छेद लिहा. कथा नको, सुरुवात-शेवट नको. नुसतं पिंप. पितळेचं होतं की निळं प्लास्टिकचं, किती हंडे मावायचे, पहाटे पाणी आलं की कोण उठायचं, तळाचा गाळ कधी काढायचा, त्यावरून कोणाचं कोणाशी वाजायचं. तेवढं लिहून थांबा. दुसऱ्या दिवशी मोरी. उपमा टाळा, गहिवर टाळा. मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे चाळीवर लिहिताना हात आपोआप गोड होतो. चाळीवरचं पुष्कळ लिखाण लवकर बाहेर पडलेल्यांनी लिहिलं आहे. तुम्ही शेवटपर्यंत राहिलात. तुम्हाला मजल्याच्या टोकाच्या सामाईक संडासाची सकाळची रांग माहीत आहे. रात्री पोट बिघडलं तर बाईने काय करायचं, पाळीच्या दिवसांत काय व्हायचं, नवी सून असताना मोरीच्या पडद्याआड कपडे बदलताना श्वास कसा रोखून धरायचा, हेही माहीत आहे. ते सगळं या वहीत आलंच पाहिजे. नव्या घरात आतून कडी लागणारं न्हाणीघर आणि संडास मिळाला म्हणून तुम्हाला पहिल्या दिवशी जे बरं वाटलं असेल, ते जराही खोटं नव्हतं. तेही लिहा. खोलीवर तुमचं प्रेम होतं आणि खोलीने तुम्हाला लाजही आणली. दोन्ही आल्याशिवाय ते पान तुमच्या त्या डब्याच्या कथेइतकं खरं होणार नाही.

स्मरण कुठे अडलं तर अजून एक सोय आहे, आणि ती फार काळ राहणार नाही. तुमची इमारत गेली, पण त्याच आखणीच्या काही इमारती अजून उभ्या आहेत. ओळखीच्या कोणाकडे जा, तासभर बसा. दारापासून खिडकीपर्यंत पावलं मोजा, भिंतीची जाडी वितीने मोजा. मोबाइलवर पॅसेजचा आवाज रेकॉर्ड करून घ्या, सकाळचा एक आणि संध्याकाळचा एक.

आणि सासूबाईंना विचारा. दार उघडं ठेवून त्या लिफ्टकडे बघत नाहीत, त्या पॅसेजकडे बघायला बसतात. बसायची जागा त्यांची तीच आहे, समोरचं सगळं गेलं आहे. तुमच्या पत्रात त्यांच्यावर एकच ओळ आहे, पण या घरात तुमच्यासारखंच कोणाला वाटत असेल तर ते त्यांना. ‘करमत नाही का?’ असं विचारू नका. ‘नाही गं, बरं आहे सगळं’ असं उत्तर मिळेल आणि विषय संपेल. नकाशा समोर ठेवा आणि म्हणा, ‘आई, मी येण्याआधी ही मांडणी कुठे होती?’ मग बघा किती बोलतात. समोरच्या खोलीतल्या काकू आता सोडतीत दुसऱ्या विंगेत गेल्या असतील, कोणी वर, कोणी खाली. एखाद्या दुपारी त्यांना चहाला बोलवा आणि नकाशा एका खोलीचा न ठेवता अख्ख्या मजल्याचा करा. कोणाची खोली कितवी यावरून भांडण होईल. होऊ द्या. तुम्ही कोपऱ्यात बसून ऐका.

सासूबाईंना आणखी एक विचारा, त्यांच्या सासऱ्यांनी ही खोली कशी घेतली. याचं कारण सांगते. मुंबई सरकारने १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजेच बीडीडी, काढलं. गव्हर्नर होते जॉर्ज लॉइड. कामगारांसाठी पन्नास हजार गाळे बांधायचा बेत होता, प्रत्यक्षात वरळी, नायगाव, शिवडी आणि आताचा ना. म. जोशी मार्ग इथे मिळून २०७ इमारती उभ्या राहिल्या, म्हणजे बेताच्या साधारण एक तृतीयांश गाळे. आणि या चाळींत यायला सुरुवातीला माणसं तयार नव्हती. सिमेंट-काँक्रीटच्या भिंती, खिडक्यांत काँक्रीटच्याच आडव्या पट्ट्या, उजेड कमी, भाडं परवडेना, आणि वरळी तेव्हा गिरण्यांपासून लांब, आडबाजूला. खोल्या वर्षानुवर्षं रिकाम्या पडून होत्या. १९३० मध्ये सविनय कायदेभंग सुरू झाला तेव्हा सरकारने वरळीच्या यातल्या काही चाळींचा तात्पुरता तुरुंग केला आणि सत्याग्रहींना तिथे कोंडलं. तुम्ही ज्या भिंतींसाठी रडता त्या भिंती आधी कोणालाच नको होत्या. त्यांचं घर केलं ते नंतर कोकणातून, साताऱ्या-सांगलीकडून, कोल्हापूरकडून आलेल्या माणसांनी, गावच्या मंडळांच्या खोल्यांनी, गणपतींनी, भीमजयंतीच्या मिरवणुकांनी, जांबोरी मैदानातल्या हंड्यांनी. त्याला एक आख्खी पिढी लागली. तुमच्या आजेसासूबाई पहिल्या वर्षी त्या काँक्रीटमध्ये बसून गावाकडच्या अंगणासाठी रडल्या असतील का? मला माहीत नाही, सासूबाईंना कदाचित ऐकून ठाऊक असेल. विचारा आणि लिहून ठेवा.

हे सांगते ते तुम्ही नव्या घरावर लगेच प्रेम करावं म्हणून नाही. अजिबात घाई करू नका. वास्तुशांत झाली, दूध उतू घातलं, म्हणजे घर आपलं झालं असं होत नाही. तुमचा हात अजून काळोखात जुन्या बटणाकडे जात असेल. जाऊ द्या. फक्त नव्या घराची एक वेगळी लहान वही करा आणि तिच्यात रोज एक-दोन ओळी टाका. इथे काय ऐकू येतं? मला खात्री आहे, काही नाही असं नसणार. वारा उठला की सरकत्या खिडकीच्या फटीत शिट्टी वाजत असेल. लिफ्टचं दार उघडताना घंटी होत असेल. वरच्या घरात कोणी खुर्ची ओढत असेल, रोज एकाच वेळी. ती खुर्ची कोणाची, हा तुमच्या पठडीतला प्रश्न आहे, डब्याच्या झाकणासारखा. पावसाचंही बघा. चाळीत पाऊस आधी पत्र्यावर ऐकू यायचा. तेविसाव्या मजल्यावर तो आधी दिसतो, लांबून सरकत येताना, आणि आवाज मागून. कानांनी लिहिणाऱ्या बाईला डोळ्यांची सवय करायला थोडा काळ द्यावा लागेल.

टेबलाबद्दल मुलाला दोष देऊ नका, टेबलालाही नको. लिहिणाऱ्या माणसाला जागा लागतेच. बाबासाहेब १९१२ पासून १९३४ पर्यंत परळच्या बीआयटी (बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या) चाळीत राहिले आणि तिथून दादरला हिंदू कॉलनीत राजगृह बांधलं, तेव्हा घराचा विचार करताना ग्रंथांना मानाची जागा होती. चाळीतल्या माणसाने लिहिण्या-वाचण्यासाठी जागा मागणं यात चैन कसली? मुलाला तुमचं लिहिणं मोलाचं वाटतं म्हणून त्याने टेबल केलं. पण टेबल तुमचं व्हायला त्याच्यावर तुमचा पसारा लागतो, आणि पत्रावरून असं दिसतं की या घरात सगळं नवं, पांढरं आणि कपाटाच्या आत आहे. तिथे नकाशा पसरा, तो दोन-चार दिवस कोणी उचलू नये असं स्पष्ट सांगा. ट्रंकेबद्दलही मुलाशी बोला. ‘तू माझ्यासाठी खूप केलंस. पण ट्रंक द्यायच्या आधी मला विचारायला हवं होतं, ती मला हवी होती.’ इतकंच, ओरडून नको, रडून नको. ती परत येणार नाही, तरी त्याला कळलं पाहिजे. पुढच्या वेळी भंगारवाला आला की तो विचारेल. जुन्या खोलीतली एखादी वस्तू अजून कुठे शिल्लक आहे का बघा, पाट, अडकित्ता, वरवंटा काहीही. ती शोकेसमध्ये न ठेवता वापरात ठेवा.

टेबलाशी जमत नसेल तर रात्री स्वयंपाकघरात ओट्याला पाठ टेकून जमिनीवर बसा. इतक्या वर्षांची बैठक आहे तुमची ती. त्यात कमीपणा नाही.

एक गोष्ट काळजीने विचारते. झोप लागत नाही, जेवण जात नाही, सकाळी उठावंसंच वाटत नाही, असं आठवड्यामागून आठवडे चाललं असेल, किंवा जगणं नकोसं वाटल्याचा विचार एकदा जरी आला असेल, तर नकाशा आणि वही यांच्यावर विसंबू नका. सरकारची ‘टेली मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा आहे, क्रमांक १४४१६. रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. सासूबाईंच्या बाबतीतही हे ध्यानात असू द्या. म्हातारपणी घर बदललं की माणसं बोलेनाशी होतात आणि आपण ते वयावर ढकलतो.

राहिली ऑगस्टअखेरची कथा. संपादकांना याच आठवड्यात फोन करा आणि कबूल केलेली कथा होणार नाही असं सांगा. आयत्या वेळी सांगण्यापेक्षा त्यांना आत्ता कळलेलं परवडेल. कारण द्यायचं असेल तर खरं द्या, घर बदललंय, अजून हात बसला नाही. त्यांनी दुसरं काही मागितलं तर ‘बघते’ म्हणा आणि पिंपाचं पान दाखवायची घाई करू नका. त्या वहीत निदान अर्धा मजला भरेपर्यंत ती कोणाला वाचायला देऊ नका, घरातही नाही. सासूबाईंना मात्र द्या. चुका त्याच काढतील.